शेपटाच्या मागे

जेवणं उरकून तास झाला होता, पण झोपायचं नाव कुणी घेत नव्हतं. जिन्याखालच्या बोळात सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि वर खोलीत दोघी भाच्या आणि धाकटा भाचा यांची वादावादी चालली होती. उद्या रात्री सगळी टोळी सायकलने समुद्रावर जाणार होती. रात्रभर चालवायचं आणि उजाडताना पाण्यात पाय घालायचे. सगळं ठरलं होतं. ओळीत शेवटी कोण राहणार, एवढंच अडलं होतं.

"मी नाही बाई. सगळ्यांची धूळ कोण खाणार?" थोरली म्हणाली.

"टिल्लूला ठेव," दुसरी म्हणाली. "त्याला सवय आहे, वर्गातसुद्धा शेवटूनच पहिला असतो."

"ए, गप गं!" टिल्लू म्हणाला.

मामा खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "शेवटी कोण ते आधी ठरवा रे. पुढे काय, कुणीही चालतं."

"का हो मामा?"

मामांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तो मोठा दिवा घालव. डोळ्यांवर येतोय."

दिवा गेला. टेबलावरचा छोटा तेवढा राहिला.

"माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही."

आणि मामा सांगू लागले.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. हा चष्मेवाला संध्याकाळी सहाला दुकानातून निघाला आणि मिस्त्रींच्या घरी गेला. काम साधंच होतं, एक पिशवी आणायची होती.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. दोन जिने चढून गेलं की त्यांची खोली. पण मिस्त्री घरात नव्हते. त्यांना जाऊन बरोबर वर्ष झालं होतं. आता तिथे त्यांची मुलगी एकटी राहायची. औषधाच्या दुकानात कामाला होती ती.

या लोकांचा अकरा जणांचा कंपू होता. दरवर्षी त्याच शनिवारी रात्री दहाला निघायचं आणि पंच्याऐंशी किलोमीटरवर समुद्र गाठायचा. सगळ्यांत पुढे शाळेतले एक मास्तर. सगळ्यांत मागे मिस्त्री. थांबा आला की मास्तर ओरडायचे, "मोजा!" मग पुढून मागे एक, दोन, तीन करत प्रत्येकानं आपला आकडा सांगायचा. अकरावा मात्र अकरा म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "शेपूट!" शेपूट ऐकू आलं की सगळे आले. मग पुढे निघायचं.

"शेपूट! टिल्लू, तुझंच काम आहे हे."

"ऐकू दे ना!"

हसा. तेही हसायचे. पण शेपटाचा नियम कडक होता. शेपटानं कुणाच्या पुढे जायचं नाही, कुणाला मागे सोडायचं नाही. चढावर कुणाची दमछाक झाली की मिस्त्री मागून यायचे, डावा तळवा त्याच्या पाठीवर टेकवायचे आणि एका हातानं आपली सायकल धरून त्याला ढकलत वर न्यायचे. ढकलून घेणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. वळलं की हॅंडल डगमगतं आणि दोघंही आडवे होतात. मिस्त्री तोंडानं काही बोलायचे नाहीत, नुसता हात. आणि वाटेत सगळ्यांच्या चेनी तेच बसवून द्यायचे, त्यामुळे हात कायम ग्रीसनं काळा. समुद्रावर पोचेपर्यंत दोघातिघांच्या पाठीवर काळा पंजा उमटलेला असायचा. घरच्या बायका ओरडायच्या, शर्ट वाया गेला म्हणून. हे म्हणायचे, "अगं, शिक्का मिळालाय! फुकट मिळतो होय?"

तर मुलीनं पिशवी काढून दिली. दोन ट्यूबा, पंप, पाने आणि मागे लावायचा लाल दिवा. या वर्षी शेपूट चष्मेवाला होणार होता.

"मी पण येतेय," ती म्हणाली. "तुमचा दहा नंबर रिकामा झाला ना, तो मास्तरांनी मला दिलाय."

"बरं झालं, ये की."

"काका, एक विचारू? तुम्ही बाबांच्या पुढेच होतात म्हणून विचारते. घाटमाथ्यावर मोजणी झाली. बाबांनी शेपूट म्हणून आवाज दिला, सगळ्यांनी ऐकला. म्हणजे ते वर पोचले होते. मग परत खाली का गेले?"

यानं पिशवीची चेन लावायला घेतली. लागत नव्हती, तरी लावत राहिला.

"काही... विसरले असतील."

"काय विसरले असतील? मी वर्षभर तेच शोधतेय. सगळ्यांना विचारून झालं." ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "तेवढं कळलं ना, की मला झोप लागेल बघा."

तो जिना उतरला. त्याला तर ते ठाऊक होतं, पोरांनो. साऱ्या गावात त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

*

त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, ते आता ऐका.

त्या वेळी चष्मेवाला दहा नंबरला होता. दुकानात सलग दोन आठवडे जादा काम झालेलं. निघतानाच अंग मोडून आलं होतं. समुद्राच्या अलीकडे एक घाट लागतो, चार किलोमीटरचा. तो चढून माथ्यावर पाण्याच्या टाकीपाशी सगळे थांबले तेव्हा पावणेतीन वाजले होते. धुकं इतकं, की शेजारच्याचं तोंड दिसेना. अंगावरचा घाम गार पडलेला, दात वाजतायत. मास्तर ओरडले, "मोजा!" आकडे आले. यानं "दहा" म्हटलं.

पुढे काही नाही.

"शेपूट?" मास्तरांनी विचारलं.

सगळे ताटकळलेले. आता उतार होता, मग समुद्र, मग आडवं व्हायला वाळू. यानं विचार केला, मिस्त्रीच ते. कुठे लघवीला थांबले असतील, नाहीतर चेन बसवत असतील. येतील मागून, येतातच. फोनला तिथे रेंज नाही. थांबायचं म्हणजे अर्धा तास कुडकुडणं आलं. आणि यानं मिस्त्रींसारखा जाडा आवाज काढला आणि अंधारात ओरडला...

"शेपूट!"

मास्तर म्हणाले, "चला!" सगळे सुटले.

समुद्रावरच्या मोजणीत शेपूट आलं नाही, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. मिस्त्री सकाळी सहाला सापडले, दूधगाडीवाल्याला. घाटातल्या तिसऱ्या वळणावर, किलोमीटरच्या दगडाला टेकून बसलेले. सायकल नीट स्टॅंडवर लावलेली. लाल दिवा चालू. छातीत दुखलं असणार, जरा टेकले असणार. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर...

आणि सगळं गाव कोड्यात पडलं. वर पोचलेला माणूस परत खाली का गेला?

यानं तेव्हा सांगितलं नाही. पहिल्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काल का नाही सांगितलं म्हणतील. मग आठवडा गेला. मग महिना. दिवसभर काच घासायची आणि रात्री छताकडे बघत पडायचं. बायको म्हणायची, अहो, दाखवा तरी कुणाला. मास्तरांनी जेव्हा विचारलं की यंदा शेपूट कोण, तेव्हा सगळे खाली बघत होते. याचा हात वर गेला. कसा गेला, त्याचं त्याला कळलं नाही.

*

"मामा, पाणी देऊ?"

"नको. ऐक."

रात्री दहाला निघाले. हवा स्वच्छ होती, धुकं नव्हतं. चंद्रही नव्हता. पहिली पन्नास किलोमीटर गप्पाटप्पांत गेली. कुणी गाणी म्हटली, कुणाची चेन पडली, यानं बसवली. एकाच्या ताज्या पंक्चरवरून अर्धा तास थट्टा चालली. हा हसत होता, पण पाय शिशाचे झाले होते. वर्षभराची झोप पायांत उतरली होती म्हणा ना.

दोन वाजता घाट सुरू झाला. पुढे मिस्त्रींची मुलगी.

"दमलीस का? हात लावू?" यानं विचारलं.

"नको काका. बाबांच्या रस्त्यानं मी माझी मी चढते."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिचं आणि याचं अंतर वाढायला लागलं. तिचा लाल दिवा वळणाआड गेला... परत दिसला... मग दिसलाच नाही.

तिसरं वळण आलं. दगड आला.

याचे पाय थांबले. त्यानं थांबवले नाहीत, संपलेच ते. त्याला वाटलं, बरं झालं. इथेच टेकावं. त्याच दगडाला. मग कुणाला काही सांगायला नको. सायकल डुगडुगली. आता पाय टेकणार...

पाठीवर हात आला.

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली. पूर्ण तळवा. पाची बोटं.

सायकल पुढे सरकली.

याच्या मागे कुणी नव्हतं. हा शेवटचा होता. शेपटाच्या मागे कोण असणार?

कुणाचा दिवा मागे असता तर याची सावली पुढे रस्त्यावर पडली असती. सावली नव्हती. टायरचा आवाज नव्हता. श्वास नव्हता. फक्त हात. चढ जड झाला की हात जोर लावायचा. चढ हलका झाला की सैल व्हायचा, पण निघायचा नाही.

मागे बघायचं नाही. तो नियम याला पाठ होता. यानं बघितलं नाही.

माथा आला. टाकी आली. सगळे उभे होते. पावणेतीन.

"मोजा!"

एक... दोन... मुलगी म्हणाली, "दहा."

यानं तोंड उघडलं. शेपूट म्हणायचं होतं. शब्द येईना. कसा येणार? तो शब्द याचा नव्हता. एकदा चोरून झाला होता.

हात तसाच. पाठीवर.

"शेपूट?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापला. मागच्या वेळी असंच झालं होतं ना...

कुणी हललं नाही.

मग मुलगीच मागे वळली. "आहेत, आहेत. मला दिसतायत काका. चला."

उतार लागला. उतारावर कुणाला ढकलावं लागत नाही. पण हात निघाला नाही. यानं ब्रेक दाबला तरी नाही. वीस किलोमीटर... तसाच.

*

समुद्रावर पोचले तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. वाळूत सायकली टाकून सगळे बसले. पाण्याचा आवाज. कुणात बोलायची ताकद नव्हती. हा एकटाच उभा, पाण्याकडे तोंड करून.

मास्तर म्हणाले, "शेवटची मोजणी. मग झोपा रे बाबांनो."

आकडे आले. मुलीनं "दहा" म्हटलं.

हा म्हणाला, "मास्तर, गेल्या वर्षी घाटमाथ्यावर शेपूट म्हणून आवाज आला होता. तो माझा होता."

मास्तरांनी मान वर केली.

"मिस्त्री वर आले नव्हते. मी दमलो होतो. मला थांबायचं नव्हतं. म्हणून मी..."

लाट आली. गेली.

मुलगी उठली. हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे बाबा परत खाली गेले नव्हते?"

"नाही."

"काही विसरले नव्हते."

"नाही गं. ते चढतच होते."

आणि तेवढ्यात पाठीवरचा भार गेला. त्यानं मला सांगितलं, इतकं हलकं वाटलं, की तोल जाऊन गुडघ्यांवरच आला. त्याला वाटलं, आता ती मारेल, नाहीतर शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. तो तसाच खाली मान घालून बसला.

ती मागून आली. आणि थांबली.

खाली वाकून याच्या पाठीकडे बघत राहिली.

"काका... वाटेत तुम्हाला कुणी ढकललं?"

हा म्हणाला, "मी शेवटी होतो गं. मला कोण ढकलणार?"

मास्तर उठून आले. बाकीचेही आले. सगळे याच्या मागे उभे राहिले. कुणी कुणाकडे बघेना.

पिवळ्या शर्टावर, डाव्या फऱ्याच्या खाली, काळा पंजा होता. बोटं वर, अंगठा आत. डावा हात. माणसाचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही, बघा करून.

मास्तर पुटपुटले, "मागच्या कुठल्या वर्षीचा असेल..."

"शर्ट नवा आहे," हा म्हणाला. "काल घेतला."

मुलीनं हात पुढे केला. त्या पंज्यावर आपलं बोट टेकवलं. मग बोट उलटं करून उजेडात धरलं.

काळं लागलं होतं.

ओलं होतं अजून.