आंधळ्या माशांचा उतारा

"माझ्या सुनेला चोर म्हणतात, आणि तुम्ही खुशाल चहा पिताय?"

दारातून आत शिरलेल्या सासूबाईंचा पहिला वार भाऊंच्या कपावर बसला. भाऊ निवृत्त दंतवैद्य. त्यांची थोरली बहीण खाजगी तपासाची कामे घेई. सारे जग तिला ताई म्हणे. भाऊ तिला साथ देत. साथ म्हणजे बहुधा भलत्याच माणसावर संशय घेणे.

"बसा," ताई म्हणाल्या. "चोरी कशाची?"

"इंग्रजी उताऱ्याची!"

हकिगत अशी होती. पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठ इंग्रजी वाचनाची आणि शब्दसंपत्तीची परीक्षा घेई. तिची तयारी करून घेणाऱ्या क्लासात काल सराव परीक्षा झाली. पहिल्या येणाऱ्याचे नाव शिष्यवृत्तीसाठी जाणार होते. सूनबाई पहिल्या आल्या. पण सरांच्या खणातले प्रश्नांचे पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेले सापडले. आज संध्याकाळपर्यंत चोर मिळाला नाही, तर सूनबाईंचे नाव कापले जाणार होते.

"घरात शेवटचा शब्द माझा," सासूबाई म्हणाल्या, "आणि ती शिकणार, हा शब्दही माझाच आहे. उठा!"

भाऊंनी चहा तसाच ठेवला.

क्लासाच्या सरांनी कपाळावर आठ्या घालून सारे समजावले. "परीक्षेचे भाग दोन. पहिल्यात योग्य शब्द वाक्यात बसवायचे. तो चांगला गेला, तर संगणक दुसरा भाग कठीण देतो, नाहीतर सोपा. पाकिटात फक्त कठीण भाग होता, मी स्वतः लिहिलेला. काल तो एकट्या सूनबाईंपुढे उघडला, आणि त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही! मग मी काय समजायचं?"

"परीक्षेनंतर ती कोणाशी बोलली?"

"छे! खुर्चीवरून उठली तशी इथे आणली, आणि उताऱ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी ताकीद दिली. मीही कोणाला बोललो नाही."

"तिथून मी घरी नेली," सासूबाई म्हणाल्या. "मलासुद्धा सांगत नाही, घुमी कुठली!"

"उघड आहे," भाऊ कुजबुजले. "सूनबाईच."

"भाऊ, दुखऱ्या दाताच्या शेजारचा दात उपटलास कधी?"

"एकदाच," भाऊ ओशाळले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांच्या खोलीत फोटो द्यायला तिघेच आले होते. सूनबाई, एक नर्स, आणि भारदस्त इंग्रजी शब्द फेकणारा एक तरुण, ज्याला सगळे 'डिक्शनरी' म्हणत.

नर्स आधी आली. "मला काचेवरचा उतारा आला. काच कशी बनते! इतका सोपा, की वाचता वाचता रडूच आलं. सोपा आला म्हणजे पहिल्या भागात आपटले ना!"

"खण उघडलात?"

"लोकांच्या जखमा उघडते तेवढं पुरे आहे, ताई. खण कशाला उघडू?"

डिक्शनरी कोटाची इस्त्री सांभाळत बसला.

"पहिला भाग कसा गेला?"

"हातचा मळ! अख्खा कोश पाठ आहे."

"आणि उतारा?"

"गुहेतले आंधळे मासे. त्यांचे डोळे का गेले, यावर दोन शास्त्रज्ञांची जुंपलेली. जरा क्लिष्ट होता, पण आपल्याला काय!"

"सोपा नव्हता म्हणता?"

"सोपा? मला? अहो, माझे होणारे सासरे याच गल्लीत राहतात. तसं त्यांच्या कानावर गेलं तर नाक कापलं जाईल!"

शेवटी सूनबाई आल्या. सरांनी मान डोलावली, तेव्हाच त्यांनी तोंड उघडले. "आंधळ्या माशांवर होता."

"दोघांचं जुळलं!" भाऊ हर्षले. "म्हणजे दोघे खरे. चोर नर्स!"

ताईंनी सर्वांना एकत्र बसवले.

"सर, पाकिटात पहिला भाग नव्हता. म्हणजे कठीण भागापर्यंत सूनबाई स्वतःच्या अकलेने पोहोचल्या, हे तुमचाच संगणक सांगतो. आता पाकीट कोणी फोडलं? मासे एकट्या सूनबाईंना दिसले, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. तुम्हीही बोलला नाहीत. मग ज्याच्यापुढे मासे आलेच नाहीत, त्याला त्यांचे डोळे गेल्याचं कोणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना डिक्शनरीकडे वळल्या. त्याच्या कोटाची इस्त्री मोडली.

"शब्द पाठ होते हो," तो रडवेला झाला, "पण वाक्यात बसेनात! मासे रात्रभर घोकले, आणि मेल्या संगणकाने काच पुढे केली. सोपा भाग आला, हे कोणत्या तोंडाने सांगू? मग माशांचंच सांगितलं."

सासूबाई खो खो हसल्या. "चोरी केलीस तीही माडीवरची, आणि जिना काही चढता येईना!"

भाऊंना कोडे आत्ता उलगडले. मात्र "मला वाटलंच होतं," असे म्हणण्याइतके ते निर्ढावलेले नव्हते.

"माफ करा, बाई," सर सासूबाईंना म्हणाले.

"मला कसली माफी? जिला चोर म्हणालात, तिला मागा."

सरांनी सूनबाईंची माफी मागितली आणि तिथल्या तिथे त्यांचे नाव शिष्यवृत्तीसाठी पाठवून दिले. सूनबाई जागच्या हलल्या नाहीत.

"सर, नवा उतारा द्या. याहून कठीण."

"आता काय गरज?"

"तुमची फिटली. माझी बाकी आहे."

सर निमूटपणे नवा उतारा शोधू लागले. डिक्शनरी नाक पुसत, "मीही बसू का?" असे पुटपुटला, नर्स हसली, भाऊंनी ताईंना काहीतरी विचारायला तोंड उघडले.

सासूबाईंनी दारात खुर्ची ओढली आणि साऱ्या खोलीवर नजर फिरवली.

"कोणी ब्र काढायचा नाही. आमची सूनबाई वाचतेय."