रविवारी न गळणारं तळं

"चौतीस," मोजपट्टी म्हणाली. काल चाळीस होतं. एका रात्रीत सहा सेंटिमीटर पाणी गेलं होतं.

तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. सुट्टी लागल्यापासून तळ्यातल्या खुणांच्या काठीवर पाणी कुठवर आहे, ते रोज सकाळी सातला वहीत लिहायचं काम तिच्याकडे होतं. सोबत असायचे तिचा लंबूटांग चुलतभाऊ उंट आणि शेजारची तिखट जिभेची ठिणगी.

"आठला मोठा पंप येतोय," उंट म्हणाला. "मुकादम आजोबा म्हणतात, तळ गळतोय. सगळं पाणी उपसून भेगा बुजवायच्या."

"आणि तिचं काय?" ठिणगीने लव्हाळ्याकडे बोट केलं.

तिथे टिबुकली या बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं तरंगत होतं. कुजक्या पाणवनस्पतींचा ओला ढीग आणि त्यात पानांखाली झाकलेली चार अंडी. ही जागा पूर्वी उकिरडा होती. वस्तीतल्या लोकांनी दोन वर्षं खपून कचरा उचलला, तळं खणलं, झाडं लावली. टिबुकली यंदा पहिल्यांदाच आली होती. पाणी आणखी उतरलं, तर घरटं चिखलावर टेकणार आणि काठावरचं पिवळं कुत्रं चालत तिथवर पोचणार. आत्ताच ते चिखलात एक पाय टाकून वास घेत होतं. उंटाने ढेकूळ भिरकावलं. कुत्रं दोन पावलं मागे सरलं आणि तिथेच बसून राहिलं.

मोजपट्टी वहीची पानं उलटत होती. "हे बघा. रोज सहा, सहा, पाच. पण रविवार सकाळ ते सोमवार सकाळ फक्त अर्धा. तेवढं तर ऊनच पितं."

"गळतीला रविवारची सुट्टी असते वाटतं," ठिणगी म्हणाली.

"रविवारी आणखी कशाला सुट्टी असते?"

"झाडांना पाणी घालायला," उंट म्हणाला, आणि तिघांनीही काठावरच्या मोटरकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी वायरमनकाका ती चालवून बांधापलीकडची टाकी भरत. आता ती बंद होती. प्लगही काढून ठेवलेला. मोजपट्टीने पाइपवर तळहात टेकवला.

"थंडगार आहे. आणि थरथरतोय."

पाइपाच्या मागोमाग ते बांध चढून पलीकडे उतरले. टाकी काठोकाठ भरून वाहत होती आणि पाणी सरळ गटारात चाललं होतं.

"मोटर बंद असताना?" उंटाने डोळे चोळले.

"सायफन," मोजपट्टी म्हणाली. "पाइप पाण्याने भरलेला असला आणि टाकी तळ्यापेक्षा खाली असली, की पाणी बांध ओलांडून आपोआप येत राहतं. आधी टाकी त्या उंच चौथऱ्यावर होती. बादल्या उतरवताना कंबर धरते, म्हणून आजोबांनी ती गेल्या पंधरवड्यात खाली आणवली."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. पंप वेळेआधीच आला होता.

"वायरमनकाका!" मोजपट्टी दचकली. "तेही आले असणार. रोज सकाळी, अगदी रविवारीही, ते आधी पाइप तळ्यातून ओढून गुंडाळतात. म्हणून तर हे कुणाला दिसलं नाही. उंटा, पळ!"

उंट पोचला तेव्हा काका पाइपाशी वाकलेच होते. तो धपकन पाइपाजवळ बसला आणि दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला.

"ऊठ रे. लोकांचे पाय अडकतात."

"माझ्या पोटरीत गोळा आलाय, काका. हलताच येत नाही."

काठावर थोड्या अंतरावर पंपवाल्याने जाड नळी पाण्याकडे नेली होती. ठिणगी आडवे हात करून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाजूला हो, बाळ."

"पाच मिनिटं थांबलात तर तुमचा पंप काही गंजणार नाही."

मोजपट्टी मुकादम आजोबांसमोर धापा टाकत होती. "तळ गळत नाहीये, आजोबा. टाकीपाशी चला."

"चाळीस वर्षं बांधकामं केलीत मी, पोरी."

"म्हणूनच तुम्हाला लगेच कळेल. मी चुकले असेन, तर पंपाचं बटण मीच दाबते."

आजोबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. ते बांध चढून पलीकडे उतरले. वाहणारी टाकी पाहून त्यांनी मागे हाक दिली, "वायरमन, मोटर कुणी लावली?"

"कुणी नाही. प्लग माझ्या हातात आहे."

मोजपट्टीने टाकीतलं पाइपाचं टोक उचललं आणि चौथऱ्यावर चढून डोक्याच्या वर धरलं. धार बारीक झाली. मग थेंब. मग काहीच नाही.



"तळं नाही, माझं डोकं गळत होतं," आजोबा म्हणाले. मग बांधावर जाऊन ओरडले, "पंप परत न्या! आणि टाकी आजच चौथऱ्यावर चढवा." खाली येऊन त्यांनी मोजपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. "वही रोज माझ्यासमोर होती. तू ती वाचलीस. आम्ही नुसती पाहिली."

"माझा पाय बरा झाला," पलीकडून उंट म्हणाला.

गाडी वळून गेली. सगळे काठावरून लव्हाळ्याकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने लव्हाळ्यात पाणी हललं. बुडी मारून लपलेली टिबुकली वर आली, चोचीने अंड्यांवरची पानं एकेक करून बाजूला सारली, आणि बसली.

"आता कुणी शिंकलं, तर त्याला मीच तळ्यात ढकलीन," ठिणगी कुजबुजली.