मूठभरचं वजन

टेबलावर सहा कंपन्यांचे स्वस्त हातसंगणक ओळीने मांडले होते आणि तृप्ती मगदूम एकेकाची खरडपट्टी काढत होती.

"हा बघ, यासीन. म्हणे बारा तास चालतो. पडदा मालवून ठेवला तर वीटसुद्धा बारा तास चालेल की!"

यासीन सतारमेकर हसला आणि त्याने ते तसंच टिपून घेतलं. मिरजेच्या ग्राहक तुलना प्रयोगशाळेत तो पदार्थविज्ञानाचा माणूस, आणि तृप्ती तिथली प्रमुख. तिच्या तोंडाला लागायची भल्याभल्यांची छाती नव्हती. पण कॉलेजची पोरं असोत, बचत गटाच्या बायका असोत की रिक्षावाले, हातसंगणक घ्यायला निघालेला माणूस आधी विचारायचा, 'मगदूम मॅडमनी काय म्हटलंय?' त्या प्रश्नाच्या जोरावरच ती कंपन्यांना घाम फोडत होती.

सहापैकी पाच यंत्रं नेहमीच्याच वळणाची. एकाचा घट, म्हणजे बॅटरी, काढून बदलता यायचा, पण सुटा घट बाजारात मिळेल तर शपथ. दुसऱ्याच्या पाठीवर उन्हावर चालणारा सूर्यपत्रा, आणि दिवसभर खोलीत बसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. बाकीचे रोज रात्री चार्जिंगसाठी भिंतीला टांगून ठेवायचे. सहावं यंत्र मात्र तिला बुचकळ्यात टाकत होतं. त्याचं नाव 'मूठभर'. किंमत सगळ्यांत कमी, आणि घट आजन्म! एकदा घेतलं की मरेपर्यंत चार्ज करायला नको. मध्येच बंद पडलं तर कंपनी नवं देणार, फुकट, आणि वर दंड भरणार.

"आजन्म म्हणजे कुणाच्या जन्माला? माशीच्या?" तृप्ती म्हणाली. "हे यांना परवडतं कसं, सांग बघू."

"हा क्षयघट आहे, मॅडम," यासीन म्हणाला. "आत किरणोत्सारी द्रव्याचे थर असतात. द्रव्य आपोआप झिजत जातं आणि झिजता झिजता वीज देतं. दर बारा वर्षांनी ते निम्मं उरतं. वापरा नाहीतर कपाटात ठेवा, त्याला फरक पडत नाही. म्हणजे घट बारा वर्षं पुरायला हवा असेल तर आजच्या गरजेच्या दुप्पट भरायचा. चोवीस वर्षांना चौपट. साठ वर्षं म्हणालात तर बत्तीसपट."

"आणि द्रव्य महाग."

"सोनं स्वस्त वाटेल. म्हणून तर माझं डोकं चालत नाही."

प्रयोगशाळेचा एक नियम होता, आणि तो तृप्तीनेच घातला होता. नमुने कंपनीकडून मागवायचे नाहीत, कारण कंपन्या मग निवडून, घासूनपुसून पाठवतात. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं आणि आपल्या नावावर यंत्र घ्यायचं. 'मूठभर'चे तीन नमुने असेच आले होते. एक यासीनच्या अब्बांच्या नावाचा, एक तृप्तीच्या मावशीच्या, आणि एक तिच्या मुलीच्या, रेवाच्या नावाचा. रेवाला कॉलेजातून सवड होईना, तेव्हा तृप्ती स्वतःच जाऊन आली होती. दुकानदार म्हणाला "अंगठा ठेवा", हिने ठेवला. काचेखाली जरा वेळ काहीतरी गुणगुणलं. नाव विचारलं तर हिने 'रेवा मगदूम' सांगितलं, आणि आठवड्याने यंत्र घेऊन आली. दुसऱ्या कुणी नियम असा वाकवला असता तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

तिन्ही यंत्रं तराजूवर चढली तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दिसायला अगदी सारखी. पण अब्बांचं आणि मावशीचं हाताला लागत होतं, आणि रेवाचं म्हणजे रिकामा डबा. यासीनने क्ष-किरणांखाली घट पाहिले. अब्बांच्या घटात थरावर थर होते. रेवाच्या घटात जेमतेम चतकोर माल.

"चोर मेले!" तृप्ती कडाडली. "म्हाताऱ्यांना भरून देतात आणि पोरीला ठेंगा. बोलाव त्यांच्या माणसाला. इथे समोर बसवून विचारते."

कंपनीने घटांचा मुख्य रचनाकार पाठवला. देवदत्त सामंत त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, आणि आपल्या कामावर मनापासून खूष. त्याने क्ष-किरण चित्रं पाहिली आणि हसून मान हलवली.

"ही चूक नाही मॅडम, काटकसर आहे. आम्ही ज्याला जेवढं लागेल तेवढंच भरतो."

"लागेल म्हणजे? दिवसाला कोण किती वापरतं त्यावर?"

"नाही, नाही. किती वर्षं वापरेल त्यावर."

मग तो उत्साहाने सांगत सुटला. दुकानातल्या काचेखाली आयुर्मापक असतो. अंगठा ठेवला की तो कातडीखालून रक्त वाचतो. नाडीची लय, धमन्यांचा ताठरपणा, रक्तातले शेकडो घटक, सगळं. त्यावरून माणसाचं उरलेलं आयुष्य काढतो, आणि कारखान्यात तेवढ्याच आयुष्याचा घट भरला जातो. म्हाताऱ्यांच्या घटात जे वाचतं ते तरुणांच्या घटात घालायचं, आणि सगळ्यांना एकच स्वस्त किंमत.

"आणि अंदाज चुकला तर?" यासीनने विचारलं.

"तर नवं यंत्र आणि दंड. सारखं चुकलो तर दिवाळं निघेल आमचं! म्हणून चुकून चालतच नाही. अपघाताचं सोडा, पण शरीराचं आम्हाला कळतं. आजवर बदलून मागायला आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी."

"वय, नाव, काही बघत नाही?"

"नावाशी आम्हाला देणंघेणं नाही. ते पडद्यावर दाखवायला. अंगठा सांगेल ते खरं."

तृप्तीने तिसरं चित्र त्याच्यापुढे सरकवलं. "मग हा घट किती वर्षांचा?"

"हा?" सामंतने थरांवरून नजर फिरवली. "दीड वर्ष. ताणून ताणून दोन. कुणी पिकलं पान असणार."

"माझी मुलगी आहे," तृप्ती म्हणाली. "वीस वर्षांची."

सामंतने ग्राहकांच्या खासगीपणाबद्दल काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. तृप्तीने टेबलावर हात आपटला.

"कशानं? काय झालंय तिला? काय दिसलं तुमच्या त्या मापकाला?"

"ते तो सांगत नाही, मॅडम." त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "खरं म्हणजे आम्ही त्याला विचारलंच नाही. आम्हाला फक्त घट भरायचा असतो."

"तुमच्या जिभेला किडे पडोत," ती म्हणाली, आणि तो बॅग उचलून निघून गेला.

त्यानंतरचे महिने तृप्तीने दवाखान्यांत काढले. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. एकही सोडला नाही. रेवा बालवाडीत असताना तिचा बाप गेला होता. तेव्हापासून घरात दोघीच, आणि तृप्तीचं सगळं जग त्या पोरीच्या वेणीला बांधलेलं. रेवाला तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार? कंपनीने तुझ्यापुरतं एवढंच भरलंय? कॉलेजने तपासणी सक्तीची केलीय, अशी थाप मारली आणि हृदय, मेंदू, रक्त, हाडं, सगळं तपासून घेतलं. रात्री उठून पोरीचा श्वास चालू आहे ना ते बघायची. जेवताना तिच्या ताटात तूप वाढता वाढता हिचे डोळे भरून यायचे, आणि रेवा वैतागायची.

अहवाल स्वच्छच यायचे.

"अहो, पोरगी ठणठणीत आहे तुमची," शेवटी डॉक्टर बाणदार म्हणाल्या. "तुम्हीच जिना चढून धापा टाकताय. चेहरा केवढा उतरलाय! बसा, तुमचंही रक्त घेऊन टाकू." त्यांनी सुई काढलीसुद्धा.

"मला काय धाड भरलीय?" तृप्ती उसळली. "तिचं बघा आधी. पुन्हा बघा. काहीतरी आहे, तुम्हाला सापडत नाहीये."

इकडे तुलनेचा अहवाल अडकून पडला होता. हातसंगणक घ्यायला थांबलेले लोक रोज विचारत होते. यासीनला ते सहन होईना.

"मॅडम, छापूया. लोकांना कळायला हवं यात काय आहे."

"कळून काय दिवे लावणार आहेत? मुलगी बघायला येतील तेव्हा पोह्यांच्या आधी तिचा हातसंगणक मागतील. तोलून बघतील. नोकरी देणारा तेच करेल, कर्ज देणारा तेच करेल."

"आणि नाही छापलं तर कंपनी विकतच राहील."

"विकू दे," ती म्हणाली. तो हलका हातसंगणक तिने आपल्या पर्समध्ये ठेवला होता. रेवाच्या हाती तो लागू नये एवढंच तिला सुचत होतं. दुकानात जाऊन रेवाचा अंगठा पुन्हा एकदा ठेवून बघावा, असं कितीदा तरी मनात आलं, पण धीर झाला नाही. पुन्हा तेच निघालं तर आशेलाही जागा उरणार नव्हती.

शेवटी रेवानेच तो प्रश्न निकालात काढला. तिचा जुना हातसंगणक बंद पडला आणि ती हटून बसली. "मी मूठभरच घेणार. सगळ्यांत स्वस्त आहे, आणि चार्जिंगची कटकट नाही. तू सगळ्यांच्या यंत्रांना नावं ठेवत बस."

तृप्ती तिच्याबरोबर गेली. एकटं सोडवेना. काचेवर रेवाचा अंगठा टेकला, खाली गुणगुण सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत तृप्ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत उभी होती. पुढच्या आठवड्यात दोघी यंत्र आणायला गेल्या. दुकानदाराने खोकं पुढे केलं. रेवाने ते एका हाताने घेतलं आणि तिचा हात खाली गेला.

"बापरे!"

तृप्तीने खोकं हिसकावून घेतलं. जड होतं. अब्बांच्यापेक्षा, मावशीच्यापेक्षा, कितीतरी जड. तिने ते पुन्हा पुन्हा हातावर तोललं आणि तिथेच, काऊंटरवर डोकं टेकवून, ती हमसाहमशी रडली. म्हणजे मापक चुकला होता! तो गोडबोल्या सामंत, त्याची ती दंडाची ऐट! आज फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असं ती मनाशी म्हणत होती.

"आई! अगं लोक बघतायत. यंत्र घेतलंय, वरात नाही निघालीय माझी." रेवाने तिला बाहेर ओढत आणलं. "आणि मला एक सांग, यांना अंगठा कशाला लागतो? मागच्या वेळी तर मी आलेच नव्हते, तरी दिलं की माझ्या नावावर."

तृप्ती रस्त्यातच थांबली.

नावाशी आम्हाला देणंघेणं नाही, सामंत म्हणाला होता. अंगठा सांगेल ते खरं. तिने आपला उजवा अंगठा वर करून पाहिला. मापक चुकला नव्हता. कधीच चुकला नव्हता.

सगळ्यात आधी तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटले, असंच वाटलं. पोरगी सुटली. एवढी खूष ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती. मग डॉक्टर बाणदारांच्या हातातली सुई आठवली. दीड वर्षातले किती महिने आपण भलत्याच माणसाचं रक्त तपासण्यात घालवले, ते आठवलं. आणि समोर उभी असलेली रेवा दिसली, जिला या जगात आईशिवाय जवळचं कुणी नव्हतं.

"चल ना गं," रेवा म्हणाली. नवं यंत्र तिने या हातातून त्या हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "हा काय हातसंगणक आहे? वरवंटा दिलाय नुसता. तुझ्या पर्समधला तो हलका मला दे ना, मी बघितलाय उचलून. नाहीतरी नाव माझंच आहे त्याच्यावर."

तृप्तीने पर्स छातीशी घट्ट धरली.

"नाही," ती म्हणाली. "तो माझा आहे. तू जडच वापर."

"किती आपमतलबी आहेस!" रेवा हसली, आणि आईचा हात धरून रिक्षा शोधू लागली.