निवळी

कल्याणीबाई आल्या त्या रडत नव्हत्या, पेटल्या होत्या.

"घोडेगावच्या विज्ञान शिबिरात आज माझं हसं झालं," त्या खासगी तपासनीस धर्माजींना म्हणाल्या. "चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, एवढंच दाखवायचं होतं. चाळीस शिक्षक बघत होते, अन् झालीच नाय! कुणीतरी बाटलीतली निवळी ओतून पाणी भरलंय. नंतर हळदीचा कागद बुडवला तर पिवळाच राहिला. निवळीत तो लाल होतो."

"फुंकलं कुणी?"

"वृषालीनं. शाळेतली माझी जिवाभावाची मैत्रीण. निवळी करायला मीच तिला शिकवलं. चार वाजता तालुक्याचा मार्गदर्शक शिक्षक निवडणारेत, साहेब."

धर्माजी निघाले. पाठोपाठ त्यांचे दोस्त भिमाजी, नेहमीप्रमाणे चप्पल शोधत.

"प्रयोगशाळेची किल्ली माज्याकडं व्हती, राव," शिपाई पोपट म्हणाला. "सकाळी खोली उघडली तवा भरतसर अन् वृषालीबाई आलते. मी बाटलीला हात लावला नाय."

"मार्गदर्शक मलाही व्हायचंय, लपवत नाही," भरतसर म्हणाले. "पण मी खडू घेऊन लगेच गेलो."

"हाच तो!" भिमाजी कुजबुजले.

वृषालीबाई जेवत होत्या. पदरावर पिवळा डाग, त्यात लाल ठिपके.

"काल आळे गावात चुलतबहिणीची हळद होती," त्या हसल्या.

"आणि हे लाल?"

"सकाळी कोकम सरबत सांडलं."

धर्माजींनी ताटातली लिंबाची फोड उचलून एका ठिपक्यावर पिळली. लाल ठिपका पिवळा झाला.

चारच्या आत त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"कोकम लिंबानं लालच राहतं. चुन्यानं लाल झालेली हळद मात्र पुन्हा पिवळी होते. निवळी ओतताना शिंतोडे पदरावर उडाले."

"साबणानंही हळद लाल होते की," भिमाजी म्हणाले.

"होते! बाई 'साबण' म्हणाल्या असत्या, तर मी निमूट घरी गेलो असतो. पण हळद लाल होते, हेच त्यांना तोंडातून काढायचं नव्हतं. विज्ञानाच्या बाई, आणि म्हणे कोकम!"

वृषालीनं मान खाली घातली. "मीबी अर्ज केलाय. दरवेळी तूच पुढं, कल्याणी."

"मागितलं असतंस तर मी नाव मागं घेतलं असतं गं," कल्याणीचा आवाज फाटला. "पाणी आहे हे माहीत असून तू फुंकत राहिलीस. वर माझ्याच पाठीवर हात ठेवलास."

तिनं आता घरून आणलेली दुसरी बाटली उघडली, चंचुपात्र भरलं आणि नळी वृषालीच्या हातात दिली.

"फुंक."

निवळी पांढरीफटक झाली. निवडीला आलेल्या साहेबांनी मान डोलावली. वृषाली रडत फुंकतच होती. कल्याणीनं नळी काढून घेतली.

"बास. जास्त फुंकलं की परत निवळतं. मला निवळायचं नाय."