नात्तोवाली रस्त्यापलीकडे

सकाळी सहाला इसोबेने तीन नंबरच्या टाकीतला शेवटचा नमुना काढला. नळाच्या तोंडावर वाफ सोडून त्याने शंभर आकडे मोजले, नळ किंचित उघडला, काचेच्या नळीत दोन बोटे रस घेतला आणि आधी तो हुंगला. वास गोडसर, ओल्या पावासारखा. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू आखूड, जाडसर, सगळे एका घराण्याचे. मध्ये परका कोणी नाही. वेळ, तापमान आणि आम्लता वहीत लिहून त्याने सही केली, पांढरी टोपी खुंटीला अडकवली, न्हाणीघरात कढत पाण्याने अंग धुतले आणि स्वतःचे कपडे चढवून तो कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला.

सात वर्षे हीच सकाळ. उसाची मळी पिऊन ते जिवाणू कोंबड्यांच्या खाद्यासाठी लायसिन नावाचे पोषक द्रव्य तयार करीत आणि इसोबे दर दोन तासांनी त्यांची विचारपूस करी. टोकियोच्या ऑलिंपिकला एक वर्ष उरले होते. सारा देश धावत होता म्हणे. इसोबेला मात्र नुसते बसावेसे वाटे. झोपेनेही न जाणारा शीण त्याच्या अंगात मुरला होता.

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. फाटकासमोरच एक सायकल घसरली, मागची टोपली कलंडली आणि पेंढ्यात बांधलेली एक जुडी घरंगळत इसोबेच्या पायाशी आली. तो दोन पावले मागे उडाला.

"साप नाहीये तो," सायकलवाली गुडघा चोळत म्हणाली. "नात्तो आहे."

"साप परवडला असता."

"अगंबाई! मितोसारख्या नात्तोच्या गावाजवळ राहून नात्तोला भिणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

तेवढ्यात दारावरचे म्हातारे फुनातो ओरडले, "ए पोरी! पलीकडे हो, पलीकडे! कितीदा सांगायचं?"

तिने जुडी उचलली, सायकल ढकलत रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेवरून विचारले, "आता तरी सांगाल... माझ्या नात्तोनं तुमचं काय घोडं मारलंय?"

इसोबेने सांगितले. पेंढ्यातला जो जिवाणू उकडलेले सोयाबीन आंबवून त्यांचा चिकट, तार सुटणारा नात्तो करतो, तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. कपड्यावरून, श्वासावरून टाकीत शिरला, की आतल्यांचा निकाल लागलाच. म्हणून टाक्यांवर काम करणाऱ्याने नात्तो खायचा नाही. खाल्लाच, तर तीन दिवस आत पाऊल टाकायचे नाही.

"म्हणजे सात वर्षं तुम्ही..."

"एक दाणाही नाही."

ती हळूच म्हणाली, "बिच्चारे." त्या एका शब्दातली थट्टा किती आणि कळवळा किती, हे इसोबेला घरी पोहोचेपर्यंत उलगडले नाही.

तिचे नाव किनुए. वडील गेलेले, आईची बोटे सांध्यांत वाकडी झालेली. सोयाबीन उकडण्यापासून दारोदार विकण्यापर्यंत सगळे तिच्याच अंगावर होते. रोज सव्वासहाला ती पलीकडच्या कडेला थांबे, तो अलीकडच्या. मधून मळीचे ट्रक जात आणि प्रत्येक वेळी वाक्य अर्धे तुटे.

"तुमचे जिवाणू इतके राबतात कशापायी?" एकदा तिने विचारले.

"एका गोष्टीसाठी आम्ही त्यांना जरा उपाशी ठेवतो. जगण्यापुरतंच देतो. त्यामुळे त्यांना थांबायचं कुठे तेच कळत नाही... दुसरी गोष्ट गरजेपेक्षा जास्त करत बसतात."

"अस्सं. आणि तुम्हाला कोणी उपाशी ठेवलंय, इसोबेसान?"

ट्रक आला. तो गेल्यावर इसोबेने तिच्याकडे पाहिले. ती हसत होती. पण डोळ्यांखाली तिच्याही काळी वर्तुळे होती. आपल्याइतकेच थकलेले कोणीतरी रोज आपल्यासाठी पाच मिनिटे उभे राहते, हे त्याला तेव्हा प्रथमच नीट दिसले.

नोव्हेंबरात तीन नंबरची टाकी नासली. फेस उतू गेला, कुबट वास सुटला, सगळा रस सोडून द्यावा लागला. कारण सापडले: झाकणाच्या रबराला चीर गेली होती. तरीही विभागप्रमुख मोरियांनी इसोबेला बोलावले.

"तू त्या नात्तोवालीशी बोलतोस."

"रस्त्याच्या अलीकडून, मोरियासान."

"दोष तुझा नाही, मला ठाऊक आहे. पण नव्या वर्षी चार नंबरची टाकी येतेय. इतकी मोठी टाकी इथे कोणी पाहिलेली नाही, आणि ती मी तुझ्या हाती देणार आहे. नात्तोच्या घरचा जावई तिथे चालायचा नाही. विचार कर."

दारावरच्या फुनातोंकडून ही बातमी रस्त्यापलीकडे जायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी किनुए सायकलवरून उतरलीच नाही. एक पाय जमिनीला टेकवून बोलली.

"उद्यापासून मी पुलाकडून जाईन. आईला सोडून मला कुठं जाता येत नाही, आणि घराच्या भिंतींतसुद्धा नात्तो मुरलाय. तुमची टाकी तुम्हाला लखलाभ. टोमणा नाही मारत... खरंच म्हणतेय."

"किनुएसान—"

मळीचा ट्रक आडवा आला. तो गेला तेव्हा पलीकडची कड रिकामी होती.

त्यानंतरच्या सकाळीही इसोबेने सहाला नमुना काढला. वाफ, शंभर आकडे, दोन बोटे रस, वही, सही. टोपी मात्र खुंटीला न लावता त्याने तिची नीट घडी केली आणि एका अर्जासह ती मोरियांच्या टेबलावर ठेवली. टाक्यांपासून लांब, मळी उतरवायच्या धक्क्यावर बदली हवी, एवढेच अर्जात होते.

"तिथं उघड्यावर काम," मोरिया म्हणाले. "हिवाळ्यात मळी नळीतून सरकत नाही, पिंपं खांद्यानं ढकलावी लागतात. थकलास का?"

"थकलोय. पण म्हणून नाही."

मोरियांनी टोपी बाजूला सारली आणि अर्जावर शिक्का उमटवला.

इसोबे न्हाणीघरात गेला नाही. जेवणाचा डबा काखोटीला मारून तो पुलाकडे निघाला. किनुए पलीकडच्या कडेने सायकल ढकलत येत होती. त्याने ट्रक जाऊ दिला आणि रस्ता ओलांडला. टोपलीतली एक जुडी उचलली, पेंढा सोडला, डब्यात उरलेल्या गार भातावर नात्तो ओतला आणि जेवणाच्या काड्यांनी तार सुटेपर्यंत घोटला.

"अहो, काय करताय! तीन दिवस आत घेणार नाहीत तुम्हाला!"

तो खात होता. पहिल्या घासालाच त्याचे डोळे भरून आले.

"वर घालायला वाटलेली मोहरी नाही का?" त्याने विचारले.

"आज... आज नाही आणली."

"उद्या आणा."

तिने सायकल कठड्याला टेकवली. त्याच्या हनुवटीवर लोंबणारी तार तिने आपल्या रुमालाने टिपली.

"आणि परवा?"

"परवाही," इसोबे म्हणाला आणि भाताच्या तळाशी उरलेले दाणे एकेक करून वेचू लागला.