देविदास गुरुजींच्या नावाचा दगड

हातात टेप धरून उलट्या पावलांनी चालणारा माणूस पंचशीलाच्या घागरीला धडकला, आणि टँकरमागे सकाळभर ताटकळून मिळालेलं पाणी धुळीत गेलं. त्या सालची धूळच अशी हावरी की नंतर साधी ओलही दिसेना.

"डोळे लातूरला ठिवून आलात काय?"

"चुकलं... खरंच चुकलं."

"चुकलं म्हणल्यानं घागर भरती व्हय?"

धडकणारा होता अमृतराव पाटलांचा धाकटा, नरसिंग. लातूर जिल्हा नवा झाला तसा तो तिथल्या कचेरीत चिकटला होता. शर्ट इस्त्रीचा, आणि कान मात्र लालबुंद. पंचशीलाला रागही आला आणि हसूही. राग तिनं दाखवला, हसू ओठांत दाबलं.

नव्या जिल्ह्याला आपली थोर माणसं मिरवायची भारी हौस. औशाजवळच्या या गावात निजामाच्या काळी देविदास गुरुजींनी इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार केला होता. तो जिथं तयार झाला तिथं नावाचा दगड बसवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय म्हणून शेजारी हापसा, असा हुकूम निघाला होता. जागा शोधायचं काम नरसिंगकडं. विहिरी तळाला गेलेल्या. दगडाचं कुणाला काय पडलंय? सगळ्यांचा जीव हापशात अडकला होता.

गुरुजी म्हणजे पंचशीलाचे आजोबा. गावाबाहेरच्या भीमनगरातलं त्यांचं घर तिनंच नरसिंगला दाखवलं. भिंतीवर ओळीनं लाकडी खुंट्या होत्या. गुरुजी शब्द चिठ्ठीवर लिहायचे आणि नवी सून होऊन आलेली नागुबाई, म्हणजे पंचशीलाची आई, ती चिठ्ठी दोऱ्यात ओवायची. अक्षरागणिक एक माळ, माळेगणिक एक खुंटी.

"शेवटच्या अक्षरांच्या माळा आखूड असतील," नरसिंग खुंट्यांवरून हात फिरवत म्हणाला.

"हाव. आई तिथं चोळ्या वाळत घालायची."

तो हसला. मग हळूच विचारलं, "लव्हला काय लिवलंय गुरुजींनी?"

"मला काय ठाव? तुमी कचेरीतले, तुमी वाचा."

"वाचलंय..."

"मग?"

"मग— काही न्हाई." आणि गडी नको तितक्या बारकाईनं खुंटी बघत राहिला.

त्यानंतर तीच भिंत मोजायला तो सारखा येऊ लागला. "एवढ्यात तर अख्खा जिल्हा मोजून झाला असता," नागुबाई म्हणाली, आणि पंचशीला चुलीत उगाचच फुंकर मारत बसली. तिचं प्रेम बसलं होतं. खोटं कशाला बोला?

अमृतराव मात्र सगळ्यांना सांगत सुटले होते की शब्दकोश आमच्या बैठकीत झाला, कागद आमच्या वडलांनी पुरवला.

"मी सांगणार," नरसिंग तिला म्हणाला. "सगळ्यांसमोर, बापासमोर. दगड हितंच बसंल. हापसा बी."

"आन् मग?"

"मग तुझ्या आईकडं येतो... मागणी घालायला."

तिनं विश्वास ठेवला. लई ठेवला.

कार्यक्रमाचा मांडव पाटलांच्या दारात पडला. दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. लातूरहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "नरसिंग, जागा तुम्हीच पाहिलीत ना? हीच ना?" अमृतराव खाकरले. नरसिंगनं मागं उभ्या असलेल्या पंचशीलाकडं बघितलं... आणि मान खाली घातली.

"हाव साहेब. हीच."

टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात तिथं बोअर घेतली आणि पाणी लागलं.

पंचशीला घागर घेऊन निघाली, तेव्हा नागुबाईनं तिला अडवलं नाही. हापशावरच्या बायकांनी तिला बघून आपापल्या घागरी मागं ओढल्या. दगडावर आजोबांचं नाव सुबक कोरलेलं होतं. तेवढ्यात ओट्यावरून उडी टाकून नरसिंग धावत आला आणि त्यानं तिच्या हातातली घागर घेतली.

"तू लांब थांब. मी हापसून देतो. रोज देत जाईन, शीला... माझा जीव हाय तुझ्यावर. फकस्त दांड्याला हात नको लावू. लोकं बघायलेत."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. तो मनापासून मदतच करत होता. आपण काय बोललो हे त्याला कळलंच नव्हतं.

"जीव हाय म्हणतोस?"

"हाव—"

"मग बाजूला हो."

तिनं घागर काढून घेतली, तोटीखाली ठेवली आणि दांडा धरला. लोखंड उन्हानं तापलं होतं. ओट्यावरून अमृतराव ओरडले. दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन निघून गेल्या. ती हापसत राहिली, घागर काठोकाठ भरेपर्यंत.

"मला लई आवडला व्हतास तू," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

घागर उचलताना त्याचा हात आपसूक पुढं आला.

"नगं."

एकटीनं तिनं ती डोक्यावर घेतली. डोक्यावर भरली घागर असताना रडता येत नाही, पाणी हिंदकळून सांडतं. भीमनगर येईपर्यंत पंचशीलानं रडू धरून ठेवलं.