हजेरीचं घड्याळ

पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी स्वतः आयुष्यभर हसत आलोय.

पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

तेही पडक्या घरात, काळोखात वगैरे नाही. मार्चमधला मंगळवार, दुपारचे दोन, मालवाहतुकीचं गोदाम. वर तापलेले पत्रे आणि आम्ही दोघं घामाघूम.

मी जड यंत्रं पॅक करतो. बावीस वर्षं झाली. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, बंद पडलेल्या ऑफिसांतली जुनी यंत्रं उचलतो आणि शौकीन लोकांना परगावी पाठवतो. घरात आम्ही त्याला शेठ म्हणतो. कौतुकाने नाही.

त्या दिवशी त्याने एका बंद ऑफिसातलं हजेरीचं घड्याळ आणलं. ओतीव लोखंड, छातीएवढं उंच, वजन नव्वद किलोच्या वर. फटीत कार्ड घालायचं, दांडा दाबायचा, की कार्डावर वेळ छापली जाते. वेळेत आलात तर निळी. उशीर झाला तर लाल.

आणि शेठने ते गुंडाळून कशात आणलं होतं? फाटक्या गादीत. वरून सुतळी.

"आडवं टाकून पाठवू," म्हणाला.

"आडवं टाक. पोचेपर्यंत खुळखुळा होईल त्याचा."

"भाऊजी, अशी पन्नास पाठवलीत मी."

"पोचली किती?"

तो सुतळी सोडायला लागला.

मग मीच कामाला लागलो. लंबक काढला आणि वेगळा गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. शाईची फीत काढली. घंटेची हातोडी कापडी पट्टीने आवळून बांधली. घड्याळ जाड लाकडी तळाला बोल्टने घट्ट बसवलं. तीन बाजूंनी फोम, बाहेरून फळ्या. समोरची फळी तेवढी ठोकायची राहिली होती.

हमाल जेवायला गेले होते. गोदामात चिटपाखरू नव्हतं.

टिक...

टिक...

माझा हातोडा हातातच राहिला.

आवाज पेटीतून येत होता.

"घड्याळ आहे. टिकटिकणारच," शेठ म्हणाला. "त्यात काय?"

मी पिशवीतून लंबक काढून त्याच्या नाकासमोर धरला.

दुसरा कोणी असता तर शहाणा झाला असता. हा हसला.

"घाबरलात होय? बावीस वर्षं काय नुसते खिळेच ठोकलेत?"

त्याने खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, पेटीत हात घातला आणि कार्ड फटीत खुपसलं.

"घ्या साहेब, लावा माझी हजेरी!"

दांड्याला त्याने हातही लावला नव्हता. मी बघत होतो.

खट्ट...

आणि मग घंटा वाजली. मी बांधलेली घंटा.

टिकटिक थांबली.

शेठने कार्ड ओढून काढलं. त्याच्या नावाखाली वेळ छापली होती. नऊ वाजून दोन मिनिटं.

लाल शाईत.

"जुनी शाई राहिली असेल आत," तो म्हणाला आणि कार्ड खिशात टाकलं. मीही मूर्खासारखी मान हलवली. फळी ठोकली. माल गेला. चार दिवसांनी पोचला, एक ओरखडा नाही. शेवटी पॅकिंग माझं होतं.

पण इथे दुसऱ्याच दिवसापासून शेठ पहाटे उठायला लागला.

दहाच्या आत डोळे न उघडणारा हा माणूस! इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, आठला घराबाहेर. संध्याकाळी सहाला परत. धंदा बंद. कुठे जातोस विचारलं की एकच उत्तर, "सोड ना ताई, उशीर होतोय."

"तुम्हीच काहीतरी बोलला असाल त्याला," बायको मला म्हणाली. झालं, खापर माझ्यावर.

शेवटी एका सकाळी मी त्याच्या मागे गेलो.

घड्याळ जिथून आणलं होतं, त्या बंद ऑफिससमोर तो उभा होता. शटर खाली, कुलूप गंजलेलं. पण शेठ दाराशी नव्हता. दारापासून चांगला वीस पावलं लांब होता. एकटाच.

थोड्या वेळाने तो एक पाऊल पुढे सरकला. थांबला.

पुन्हा एक पाऊल...

रांगेत सरकतात ना, तसा.

मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "ए शेठ! चल घरी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पण बोलला माझ्याशी नाही. मान वळवून, मागे, हळू आवाजात म्हणाला...

"आमचे भाऊजी आहेत. मध्ये घुसणार नाहीत ते."

मागे कोणीही नव्हतं.

तरी तो अर्धं पाऊल पुढे धडपडला... मागून कोणी ढकलल्यासारखा.

नऊला पाच कमी होते. शटरपाशी पोचल्यावर त्याचं काय होतं, तो दिवसभर असतो कुठे, मला माहीत नाही. मी थांबलो नाही. पळालो.

पाच महिने झाले. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेठ एक दिवसही चुकलेला नाही.

आता हे वाचून काही अतिशहाणे मला समजावतील. स्प्रिंगमध्ये ताण राहिला असेल, मेहुण्याच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. जरूर समजवा. पत्ता देतो. सकाळी साडेआठला जा आणि त्याच्या मागे उभे राहून बघा.

मी सोबत येणार नाही.